राणी गेली

“कोण गेलं, बाई?” श्रेणिकनं अगदी खालच्या आवाजात विचारलं, हातातला बाटल्यांचा खोका तसाच छातीशी धरून, आणि विमलाताईंना फस्सकन हसूच आलं. लक्ष्मीपुरीतलं श्रेणिकचं काचेच्या बाटल्यांचं दुकान म्हणजे एक बोळ. गिऱ्हाईक फोनवर काय बोलतं ते त्याला ऐकायचं नसलं तरी ऐकावंच लागतं. गेली सात वर्षं तो विमलाताईंच्या मधाला बाटल्या पुरवत होता आणि जैन असल्यामुळे त्या मधाचं बोट त्यानं कधी जिभेला लावलेलं नव्हतं. एवढं एक सोडलं तर त्यांच्या धंद्यातलं त्याला सगळं माहीत. “अहो, राणी गेली, राणी! माशी!” विमलाताई म्हणाल्या. “नेसरीकडचा एक विद्यार्थी आहे माझा, आकाराम. त्याच्या पेटीतली राणीमाशी मेली, ते सांगत होता.” श्रेणिकनं खोका खाली ठेवला. “माशी व्हय! मला वाटलं, घरातलंच कोणतरी. तुम्ही आपलं म्हणायलाय, जुनी झालीच होती, दुसरी करून घ्या. मी म्हटलं, बाई असं काय बोलायल्यात!” मग दोघंही हसले. विमलाताई जरा जास्तच हसल्या, पदरानं डोळे पुसण्याइतक्या, आणि पदर डोळ्यांवर असतानाच ते हसू थांबलं. आकारामच्या बायकोचं नाव राणी होतं.

खोके रिक्षात घालायचे सोडून त्या दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि आकारामला फोन लावला. सगळ्यांना एकाच प्रेमळ आवाजात नाही म्हणणारी ती फोनमधली बाई म्हणाली, की हा माणूस संपर्काच्या बाहेर आहे. पुन्हा लावला. पुन्हा तीच. तिसऱ्यांदा लावताना त्यांना आठवलं की आकारामच्या वाडीत रेंजच नाही. वर्गात त्यानंच सांगितलं होतं, फोन करायचा तर म्हसोबाच्या माळावर चढून जावं लागतं. म्हणजे हा फोन करायला तो मुद्दाम माळावर गेला होता. माणूस एका माशीसाठी माळ चढेल का? आकाराम चढेल, नक्की चढेल, पेटीवर ऊन आलं तर तो स्वतः छत्री धरून उभा राहणारा माणूस. आणि बायको गेली तर? तर तो भावकीला फोन करेल, सासुरवाडीला करेल, वर्ग घेणाऱ्या बाईला कशाला करेल? याचं उत्तर विमलाताईंना लगेच मिळालं. माशांमुळे गेली असेल तर पहिला फोन बाईंनाच करेल.

बोलणं सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं. त्यांनी ते शब्दन् शब्द पुन्हा मांडून बघितलं. “बाई, राणी गेली.” “कधी?” “काल सांजच्याला.” “बरं, घाबरू नका. जुनी झालीच होती, आज ना उद्या बदलायचीच होती. दुसरी करून घ्या. मागं पोरी आहेत ना? मग त्या बघतात सगळं, तुम्ही फक्त आठ दिवस साखरपाणी द्या.” मग पलीकडं काही क्षण नुसता वारा. मग “व्हय, बाई,” आणि फोन बंद. पोरी म्हणजे कामकरी माशा. वर्गात त्या नेहमी पोरीच म्हणायच्या, पोरी दमल्यात, पोरी चिडल्यात, शिकायला आलेल्या बायकांना ते फार आवडायचं. आकारामला दोन मुली होत्या. एक पहिलीत, एक अजून अंगणवाडीत. मागं पोरी आहेत ना, मग त्या बघतात सगळं! विमलाताईंनी दुकानाच्या शटरला हात टेकला. पेटी हा शब्द आपल्या तोंडून एकदा तरी गेला का, ते त्या आठवून आठवून बघत होत्या. नव्हता गेला. अंडी दिसतात का, हेही विचारलं नव्हतं. राणी मेल्याचा फोन आला की पहिला प्रश्न अंड्यांचा, हे त्यांनीच शेकडो लोकांना शिकवलेलं. ताजी अंडी असली तर पोरी आपली आपण नवी राणी वाढवतात. तो प्रश्न विचारला असता तर तिथंच सगळा उलगडा झाला असता. पण समोर स्कूटरवाले हॉर्न देत होते, श्रेणिक बाटल्या मोजत होता, आणि उत्तर तर आधीच तयार होतं.

उत्तर नेहमीच तयार असायचं. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवल्यावर असं होतं. मुलीनं हात वर करून तोंड उघडलं की प्रश्न कुठं चाललाय ते विमलाताईंना दिसायचं, आणि मग तो पुरा होईपर्यंत थांबणं म्हणजे तासिका वाया घालवणं. मुली म्हणायच्या, बाईंना मनातलं कळतं. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेनं दोन पेट्या ठेवल्या, दोनाच्या चाळीस झाल्या, पन्हाळ्याच्या पायथ्याला एकाच्या जांभळीच्या रानात जागा मिळाली, मधाला गिऱ्हाईक लागलं; आणि मध थिजला की “बाई, साखर घातली व्हय?” म्हणून भांडायला येणाऱ्यांना समजावता समजावता मंगळवार पेठेतल्या घराच्या माडीवर त्यांचे वर्ग सुरू झाले. दोन दिवसांचा वर्ग. पहिल्या दिवशी माडीवर फळा, दुसऱ्या दिवशी पन्हाळ्याला पेट्या. नाव झालं. लोक चंदगडपासून यायला लागले. घरी मात्र त्र्यंबकरावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, वाक्यं पुरी करायचं कधीच सोडून दिलं होतं. “आज जरा…” म्हणून ते थांबायचे आणि बायको उरलेलं वाक्य म्हणून त्याचं उत्तरही देऊन टाकायची. बरेचदा ते बरोबर असायचं. त्यामुळे कुणाला काही वाटायचं नाही.

“गाडी काढा. नेसरीला जायचंय,” घरी आल्या आल्या विमलाताई म्हणाल्या. त्र्यंबकराव पाटबंधाऱ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, वर्तमानपत्र घेऊन नुकतेच कॉटवर आडवे झालेले. त्यांनी बायकोच्या तोंडाकडं बघितलं, चष्मा खिशात घातला आणि किल्ली शोधायला उठले. गाडी कागलच्या पुढं जाईपर्यंत ते काही बोलले नाहीत. होळी होऊन चार दिवस झाले होते, उन्हाला चांगली धार आली होती, उसाच्या ट्रॉल्या निम्मा रस्ता अडवून चालल्या होत्या आणि त्र्यंबकराव प्रत्येक ट्रॉलीच्या मागं शिस्तीत पंधरा-पंधरा मिनिटं राहत होते. एरवी विमलाताईंनी आकांडतांडव केलं असतं. आज त्यांना पोचायची घाई होती आणि पोचायचं नव्हतंही. रस्ता असाच राहावा, ट्रॉली अशीच पुढं राहावी, निपाणी येऊच नये, असंही मधूनच वाटत होतं. कारण जोवर वाट चालली होती तोवर राणी जिवंतही होती.

फोन हातात होता. वर्गाचा व्हॉट्सअॅपचा गट त्यांनी उघडला. कुणीतरी सकाळी गुलाबाचं फूल टाकलं होतं, कुणीतरी त्याला हात जोडले होते. इथं नुसतं विचारलं असतं तरी कुणीतरी सांगितलं असतं. पण काय लिहायचं? आकारामची बायको आहे ना, असं? त्यांनी लिहिलं, ‘आकारामच्या घरचं कुणाला काही,’ आणि पुसलं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं पुरी करणाऱ्या बाईला स्वतःचं एक वाक्य सुचेना. मग एकदम त्यांना आशा वाटायला लागली. कुठला खेडवळ नवरा बायकोचं नाव घेतो? आकाराम तर त्यातलाच; वर्गात दोन्ही दिवस तो बायकोला “अगं ए” म्हणत होता, दुसऱ्यांशी बोलताना “आमची मंडळी” म्हणत होता. बायको गेली असती तर तो म्हणाला असता, बाई, मंडळी गेली. किंवा नुसतंच, ही गेली. राणी गेली असं तो म्हणालाच नसता! विमलाताईंनी खिडकीची काच खाली केली. बाहेरून उसाच्या चिपाडांचा गोडसर वास आला आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांना पोटभर श्वास घेता आला. माशीच गेली. दुसरं काय असणार? उगीच म्हाताऱ्या माणसाला एवढ्या उन्हात गाडी चालवायला लावली. “संकेश्वरला चहा घेऊ,” त्या म्हणाल्या, आणि त्र्यंबकरावांनी मान हलवली.

पण मन म्हणजे मोठं द्वाड. त्याला सुख म्हणून बघवत नाही. डिसेंबरातला तो वर्ग विमलाताईंना पहिल्यापासून आठवायला लागला. अकरा जण होते. हजेरी घेताना “नाव?” म्हटल्यावर ती सडपातळ, काळीसावळी, कपाळाला मोठं कुंकू लावलेली बाई “राणी” म्हणाली आणि सगळा वर्ग हसला. विमलाताई स्वतः हसल्या, वर म्हणाल्याही, “एका पेटीत दोन राण्या राहत नाहीत हो आकाराम, जपून.” तो लाजून लाल झाला, ती नाही. तिनं मागं वळून हसणाऱ्यांकडं बघितलं आणि मग फळ्याकडं. दोन दिवस ती एकटीच वहीत लिहून घेत होती. एकदा तिनं हात वर केला, “बाई, राणीला…” आणि विमलाताई म्हणाल्या, “रोज शेकड्यांनी अंडी, बसा.” ती बसली. काय विचारायचं होतं तिला? अंड्यांचं नव्हतंच बहुतेक; तिच्या तोंडावरून तेव्हाच तसं वाटलं होतं, पण फळ्यावरचा पुढचा मुद्दा मोठा होता आणि विमलाताईंना घाई होती. आणि दुसऱ्या दिवशी पन्हाळ्याला, तिसरी पेटी उघडल्यावर, एक माशी राणीच्या बाहीत शिरली. ती ओरडली नाही, नुसता हात झटकला. पण लांब, माशा शांत करायचं धुराडं पेटवत बसलेल्या आकारामनं ते बघितलं, आणि सगळं टाकून तो धावत आला. धावताना त्यानं हाक मारली. विमलाताईंच्या कानात ती हाक आत्ता स्पष्ट वाजली. “राणी!” अशी.

म्हणजे जिवाला घोर लागला की तो नाव घेतो.

संकेश्वरला गाडी थांबली. चहा आला. त्र्यंबकरावांनी बशीत ओतला, फुंकर मारली, आणि बशी तशीच धरून म्हणाले, “आता सांगशील का?” विमलाताईंनी सांगितलं. सकाळचा फोन, श्रेणिक, राणी गेली, सगळं. त्र्यंबकराव ऐकत होते, आणि हळूहळू त्यांचे खांदे हलायला लागले. “म्हणजे तू त्याला… दुसरी कर म्हणालीस?” “हसू नका हो.” “आणि जुनीच झाली होती म्हणालीस?” बशीतला चहा पँटवर सांडला तरी त्यांना हसू आवरेना. चहावाल्या पोरीनं फडकं आणून दिलं. “अगं, पण माशीच असणार ती. धडधाकट बाई आहे ना ती? तिशीची? तिला काय होतंय?” हे त्यांनी सहज म्हटलं, आणि विमलाताईंच्या तोंडाकडं बघून त्यांचं हसू विरलं. “का गं? आजारी होती?”

आजारी नव्हती. पण जे विमलाताईंनी तीन महिन्यांत कुणालाही सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं, ते आता त्या चहाच्या टपरीवर, सांडलेला चहा पुसता पुसता त्यांनी नवऱ्याला सांगितलं. डंख मनगटाला झाला होता. काटा काढला, हात सुजला, ते नेहमीचंच. पण पाव तासानं राणी जांभळीखाली आली, पदर जरा बाजूला करून तिनं पोट दाखवलं, मान दाखवली. सगळीकडं लालभडक गांधी उठल्या होत्या. “बाई, अंगभर पित्त उठलंय,” ती म्हणाली होती, “आन् घशात कायतरी अडकल्यागत होतंय.” हात सुजणं वेगळं आणि हे वेगळं, हे विमलाताईंना पक्कं माहीत होतं. डंखाच्या जागी काहीही होऊ दे. पण डंख मनगटाला आणि गांधी पोटाला, घसा आवळलेला, म्हणजे त्या माणसाला माशी वर्ज्य. डॉक्टर गाठायचा, आणि पुन्हा पेटीजवळ उभं राहायचं नाही, कारण पुढच्या डंखाला दहा मिनिटांत जीव जाऊ शकतो. हे त्यांच्या टिपणवहीत एका अख्ख्या पानावर होतं, लाल शाईनं अधोरेखित केलेलं. त्याच दिवशी जेवणानंतर त्या पानाचीच पाळी होती. आणि त्यांनी काय केलं? पर्समधली पित्ताची गोळी दिली, पाणी दिलं, सावलीत बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, “काही होत नाही. पहिल्यांदा सगळ्यांना होतं. चार वेळा चावली की अंगवळणी पडतं.” दोन बायका आधीच मागं सरकल्या होत्या. एकीनं चप्पल घातली होती. भीती एकदा वर्गात शिरली की अकराच्या अकरा जण हातचे जातात, हे त्यांना माहीत होतं. आणि आकारामनं चार पेट्या त्याच दिवशी न्यायच्या ठरवल्या होत्या. तासाभरात राणीच्या गांधी बसल्या. जेवणानंतर विमलाताईंनी ते लाल रेघांचं पान उलटलं आणि पुढचं शिकवायला घेतलं.

“आणि नंतर? नंतर सांगितलंस ना तिला?” त्र्यंबकरावांनी विचारलं. विमलाताईंनी नकारार्थी मान हलवली. सांगायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू, फोन करू. मग जानेवारी आला, काढणी आली, प्रदर्शन आलं, आणि हळूहळू असं वाटायला लागलं की काही झालंच नाही त्या अर्थी काही होणारही नाही. त्र्यंबकरावांनी चहाचे पैसे दिले, आणि गडहिंग्लजच्या रस्त्याला लागल्यावर, छत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, गाडी साठच्या वर नेली. त्या वेगाचीच विमलाताईंना भीती वाटली. यांनाही तसंच वाटतंय तर!

नेसरी मागं पडली, चढ सुरू झाला. दोन्ही बाजूंनी काजूची झाडं, मोहोरलेली, आणि मोहोराचा तो उग्र गोड वास. एरवी विमलाताईंनी गाडी थांबवून माशा मोजल्या असत्या. आता त्या मनात वाक्यं जुळवत होत्या. आकाराम, मला माफ करा. नको. आकाराम, चूक माझी आहे. हेही नको, आधी दारात जाऊन गप्प बसायचं. मुलींना जवळ घ्यायचं का? त्या येतील का? एवढी शिकलेली बाई, दोनशे लोकांची गुरू, आणि एका पोरीला एवढं सांगता आलं नाही की बाळ, तू यात पडू नकोस. वाडीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्याला त्र्यंबकरावांनी आकारामचं घर विचारलं. “त्ये काय, गर्दी दिसायलीय न्हव? त्येच. जावा, पावणं,” म्हातारा म्हणाला, “सकाळधरनं माणसं यायल्यात.”

दारात चपलांचा ढीग होता. बायकांच्या, पुरुषांच्या, मातीनं भरलेल्या. कुंपणापलीकडं अंगणात वीसेक माणसं खाली बसलेली. पुरुषांच्या टोप्या, बायकांचे डोक्यावरचे पदर, सगळ्यांच्या माना खाली. कुणी बोलत नव्हतं. विमलाताईंनी गाडीचं दार उघडलं आणि त्यांना उतरताच येईना. त्र्यंबकरावांनी पलीकडून येऊन त्यांचा दंड धरला. “चल,” ते म्हणाले. “आलोय ना. चल.” चपला काढताना त्यांना दिसलं, त्या ढिगात एक इवलीशी गुलाबी चप्पल होती, आणि ती उचलून त्यांनी बाजूला नीट मांडून ठेवली. अंगणात कुणीतरी खाकरलं. मग आकारामचा आवाज आला. रडका नव्हता. मोठा होता, मास्तरकीचा होता. “तर मंडळी, ह्या ज्या दिसायल्यात त्या पोरी. आन् हिकडं कोपऱ्यात बगा, ढकलाढकली करू नका, हितं त्या नवी राणी करायल्यात. बाईंस्नी फोन केलतो सकाळी. बाई म्हणाल्या, पोरी हायत न्हव मागं? मग त्या बघत्यात सगळं.”

माना खाली होत्या त्या पेटीकडं. मधोमध चौरंगावर पेटी उघडी होती आणि आकाराम माशांनी भरलेली चौकट हातात धरून उभा होता.

“अगं बया! बाई!” स्वयंपाकघराच्या दारातून कुणीतरी ओरडलं. कपाळाला मोठं कुंकू, हाताला पीठ, कडेवर धाकटी. विमलाताई माणसांच्या मधून, कुणाच्या पायावर पाय देत, कुणाचा तांब्या लवंडत तिच्यापर्यंत पोचल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही दंड धरले. मग गाल धरले. मग पुन्हा दंड. त्यांना रडू यायला लागलं, मोठ्यानं, नाक वाहीपर्यंत, इतक्या लोकांसमोर. लाज वाटली नाही. सकाळपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला होता आणि त्याच्या जागी काय करावं ते त्यांना समजत नव्हतं. “काय झालं वो, बाई? कोण गेलं?” राणीनं घाबरून विचारलं, आणि मागून आलेले त्र्यंबकराव म्हणाले, “तूच गेलीस अशी समजूत झाली होती हिची. आणि आकारामला सांगून बसली होती, जुनी झालीच होती, दुसरी करून घे.” अंगणात एकच हशा पिकला. आकारामच्या हातातली चौकट हलली आणि पोरी चिडल्या. “आवं मी माशीचं म्हणालतो की!” तो कळवळून म्हणाला. “मग करू द्या की दुसरी,” राणी म्हणाली, “मला तेवढंच धुण्याला माणूस मिळंल.” विमलाताईंना रडता रडता हसू फुटलं. हवा किती हलकी होती इथली! हिचा आवाज किती चांगला होता, खरखरीत, भांडकुदळ, जिवंत.

आत चुलीपुढं बसल्यावर, हातात पाण्याचा तांब्या आल्यावर, विमलाताईंनी ते सांगायला घेतलं. “राणी, त्या दिवशी पन्हाळ्याला तुला…” “ठावं हाय मला,” राणी म्हणाली. ती भाकरी थापत होती, मान वर न करता बोलत होती. “तुमी तोंडानं काय होत न्हाय म्हणालासा. पर माझं पोट बघितल्यावर तुमचं तोंड पांढरंफटक पडलतं. मी म्हटलं, ह्या बाईला कायतरी ठावं हाय आन् ती सांगंना झालीय. घरला आलो, दुसऱ्या दिशी गडहिंग्लजला डॉक्टरकडं गेलो. त्यो म्हणाला, परत चावली तर खेळ खलास. तवापास्नं ह्या उंबऱ्याच्या पल्याड पेटीकडं गेलो न्हाय मी.” विमलाताईंना काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. त्यांना तिच्या पाया पडावंसं वाटलं. आपलं खोटं कुणाला पचलं नाही याचा एवढा आनंद माणसाला होऊ शकतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. “मला सांगायचंस तरी,” त्या म्हणाल्या. “फोन केलता की, संक्रांतीच्या आदल्या दिशी. मी म्हटलं, बाई, त्या डंखाचं… तर तुमी म्हणालासा, चुना लाव, आन् ठिवला.” राणीनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. झालं ते सांगत होती.

बाहेर आकारामचा आवाज पुन्हा चढला. कुणीतरी चावण्याचं विचारलं असावं. “काय होत न्हाय,” तो सांगत होता, थेट विमलाताईंच्या चालीवर, तितक्याच खणखणीत आवाजात. “पयल्यांदा सगळ्यास्नी हुतंय. चार येळा चावली की अंगवळणी पडतंय.” विमलाताईंनी तांब्या खाली ठेवला. “हा असं सांगतो? तुला डॉक्टरनं सांगितलंय ते माहीत असून?” “आमचं मालक म्हणत्यात, माझं रगतच तसलं. माझं येगळं, बाकीच्यांचं येगळं. डॉक्टरला माश्यांतलं काय कळतंय, बाईंनी शिकवलंय त्येच खरं. लई देव मानत्यात तुमास्नी.” राणीनं भाकरी उलटली. “गेल्या हप्त्यात ह्यांच्या वर्गात शेजारच्या सयाजीच्या आईचं तोंड सुजलं, अंगावर उठलं. आज परत येऊन पयल्या रांगंत बसलीय. मी किती सांगू? माझं कोण ऐकतंय? तुमचं ऐकतील. उठा, बाई. आन् आता तोंडानं सांगा, सगळ्यास्नी तोंड वाचता येत न्हाय.”

विमलाताई उठल्या. उंबऱ्यात त्र्यंबकराव धाकटीला खेळवत बसले होते, ते बाजूला सरकले. अंगणातल्या वीस माना वर झाल्या आणि आकारामनं कौतुकानं चौकट पेटीत ठेवली, हात पुसले, पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीला बाजूला करून बाईंना बसायला जागा केली. त्या बसल्या नाहीत. आतून मोकळं वाटत होतं, तीन महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं. चूक अजून सांगता येण्याजोगी होती, ऐकणारे सगळे जिवंत होते, आणि ज्या बाईबद्दल सांगायचं ती पिठाच्या हातांनी मागं दारात उभी होती. “आकाराम, पेटी झाका,” त्या म्हणाल्या. “राणीचं, अंड्यांचं, सगळं मागनं बघू. माझ्यामुळे तुमची बायको मरणार होती, ते आधी ऐका.”